टायटॅनियमला कोयत्याचं पाणी चढत नाही

पोलाद काय आणि टायटॅनियम काय, तापवायचं, पाण्यात घालायचं, कडक झालं की काम झालं. बाकीचं सगळं पुस्तकवाल्यांनी वाढवून ठेवलेलं. हे मत ढोकीतल्या एका निवृत्त फोरमनसाहेबांचं आहे. साखर कारखान्यांच्या वर्कशॉपात त्यांची हयात गेली. त्यामुळे डिप्लोमा झालेली पोरं त्यांचा शब्द प्रमाण मानतात आणि तोच शब्द घेऊन भोसरी-चाकणला मुलाखतीला जातात. त्यांचं दुसरं मतही तितकंच ठाम आहे: टायटॅनियम म्हणजे टायटॅनियम, ते एकदा वापरलं की ताकदीची काळजी मिटली. साहेबांबद्दल मला आदर आहे. पण ही दोन्ही मतं चुकीची आहेत, आणि गंमत अशी की ती एकमेकांच्याही विरोधात जातात. ताकद धातूच्या नावातच असेल तर भट्टी पेटवायची कशाला? आणि ताकद भट्टीतून येत असेल तर नुसत्या नावावर विसंबायचं कसं?

वाद पारावरच राहिला असता तर लेख लिहायची गरज नव्हती. पण टायटॅनियम आता आपल्यापासून लांब राहिलेलं नाही. विमानाच्या पंखामागच्या झडपा ज्या रुळांवर सरकतात ते बोइंग 737 चे टायटॅनियमचे फ्लॅप-ट्रॅक पुण्याच्या भारत फोर्जमध्ये घडतात. पीएसएलव्ही रॉकेटच्या चौथ्या टप्प्यातल्या इंधनाच्या टाक्या टायटॅनियमच्या मिश्रधातूच्या असतात. हाडाच्या दवाखान्यात पट्टी बसवायची वेळ आली की नातेवाईकच विचारतात, ‘टायटॅनियमची आहे ना?’ आपली पोरं उद्या ज्या भट्ट्यांसमोर उभी राहणार आहेत, तिथं ‘कडक झालं की काम झालं’ या वाक्यानं एखादा जॉब फुकट जाईल, किंवा तो पास होऊन पुढे जाईल. पास होऊन पुढे जाणं जास्त वाईट.

आधी साहेबांच्या बाजूनं जे खरं आहे ते मान्य करतो. लोखंडाच्या बाबतीत त्यांच्यामागे मोठी परंपरा आहे. ढोकीच्या तेरणा साखर कारखान्याची धुराडी कधी पेटली, कधी वर्षानुवर्षं थंड पडली, पण या भागातून ऊसतोडीला जाणाऱ्या टोळ्यांचा कोयता कधी थांबला नाही. तो कोयता रस्त्याकडेला पाल टाकून बसलेला घिसाडी बनवतो, पुष्कळदा ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्यापासून. भात्याच्या धगीवर पातं लाल करायचं, धारेपुरतंच पाण्यात बुडवायचं, लगेच बाहेर काढून घासायचं. पाठीत उरलेली धग धारेकडे उतरू लागते आणि घासलेल्या पोलादावर रंग सरकतात: आधी पिवळसर, मग तपकिरी, जांभळा, निळा. हवा तो रंग धारेवर पोचला की पुन्हा बुडवायचं. भट्टीला ना थर्मोकपल, ना चार्ट. तरी हंगामभर धार टिकते. या कसबाला नावं ठेवणारा मी कोण?

पण साहेबांनी या कसबाचा अर्धाच भाग उचलला. घिसाडी पातं नुसतं कडक करत नाही. पहिल्या बुडीनं धार इतकी कडक होते की उसाच्या कांडीऐवजी दगडावर पडली तर तुकडा उडेल. म्हणून तो धग धारेकडे उतरू देतो, म्हणजे मुद्दाम थोडं मऊ करतो. कारखान्याच्या भाषेत पहिलं हार्डनिंग, दुसरं टेम्परिंग. ‘कडक झालं की काम झालं’ हे घिसाड्याचंच मत नाही. टायटॅनियमपर्यंत जायच्या आधीच साहेबांचं वाक्य त्यांच्याच साक्षीदारानं खोडून काढलं आहे.

आता पोलाद पाण्यात कडक का होतं ते पाहू. सगळा घोळ इथंच आहे. पोलादात कर्ब असतो, थोडाच, पण त्याचे अणू लोखंडाच्या अणूंच्या मानानं फार लहान. लाल तापलेल्या पोलादात लोखंडाचे अणू ज्या मांडणीत असतात, तिच्या फटींत कर्ब सुखानं मावतो. सावकाश थंड केलं तर मांडणी बदलताना कर्ब बाहेर निघून स्वतःची वेगळी व्यवस्था लावतो. पाण्यात बुडवलं की त्याला निघायला वेळच मिळत नाही. मांडणी बदलते, कर्ब आत अडकतो, अख्खा स्फटिक ताणला जातो. हे मार्टेन्साइट. ते कडक असतं ते अडकलेल्या कर्बामुळं. पाण्यात स्वतःची काही जादू नाही. ते फक्त घाई करतं.

टायटॅनियममध्येही मांडणी बदलते. शुद्ध टायटॅनियम 882 अंश सेल्सिअसच्या खाली षट्कोनी रचनेत असतं, तिला अल्फा म्हणतात. त्याच्या वर ते घनाकार रचनेत जातं, ती बीटा. जगात सर्वांत जास्त वापरला जाणारा टायटॅनियम मिश्रधातू म्हणजे सहा टक्के ॲल्युमिनियम आणि चार टक्के व्हॅनेडियम असलेला, बाजारात ग्रेड 5 म्हणतात तो. ॲल्युमिनियम अल्फाला धरून ठेवतं, व्हॅनेडियम बीटाला. त्यामुळे या धातूत नेहमीच्या तापमानाला दोन्ही एकत्र नांदतात, आणि पूर्ण बीटा होण्यासाठी त्याला सुमारे 995 अंशांपर्यंत न्यावं लागतं. तिथून पाण्यात टाकलं तर इथंही मार्टेन्साइट बनतं. साहेब म्हणतील, बघा, मी तेच सांगत होतो.

पण ॲल्युमिनियम आणि व्हॅनेडियमचे अणू फटीत घुसत नाहीत. ते टायटॅनियमच्या अणूच्याच जागेवर बसतात. मांडणी बदलली तरी ते कुठं अडकत नाहीत, स्फटिकाला फारसा ताण देत नाहीत. म्हणून टायटॅनियमचं मार्टेन्साइट पोलादाच्या मार्टेन्साइटसारखं कडक नसतंच. पाणी दिलेलं चांगलं कर्बयुक्त पोलाद रॉकवेल सी मापावर साठीच्या घरात जातं. ग्रेड 5 ला काहीही केलं तरी ते चाळिशीच्या आसपास घोटाळतं. साध्या मध्यम-कर्ब पोलादाची मऊ अवस्थेतली ताण-ताकद आणि पाणी देऊन टेम्पर केल्यावरची ताकद यांत दुपटीहून जास्त फरक पाडता येतो. ग्रेड 5 मऊ अवस्थेत साधारण 900 ते 950 मेगापास्कल देतं आणि सगळे सोपस्कार नीट केले तर 1100 च्या वर जातं. म्हणजे फायदा पाचव्या हिश्शाचा, फार तर थोडा जास्त.

आणि तोही पाण्यामुळं मिळत नाही. पद्धत अशी: 955 अंशांच्या आसपास तासभर ठेवायचं, भट्टीतून काढल्यावर काही सेकंदांत पाण्यात न्यायचं, आणि मग पुन्हा 480 ते 600 अंशांच्या दरम्यान काही तास धरायचं. या शेवटच्या टप्प्याला एजिंग म्हणतात. पाण्यानं फक्त अस्थिर रचना पकडून ठेवलेली असते. एजिंगमध्ये ती फुटून अल्फाच्या अतिशय बारीक पट्ट्या बाहेर पडतात आणि ताकद त्या पट्ट्यांमुळं येते. पोलादात दुसऱ्यांदा तापवलं की कडकपणा उतरतो, इथं चढतो. घिसाड्याचा नियम टायटॅनियमच्या दारात आला की उलटा फिरतो.

अजून पुढचं उदाहरण घ्या. बोइंग 777 च्या चाकांच्या जोडणीत, म्हणजे लँडिंग गिअरमध्ये, दहा टक्के व्हॅनेडियम, दोन टक्के लोखंड आणि तीन टक्के ॲल्युमिनियम असलेला टायटॅनियम धातू आहे. यात बीटाला धरून ठेवणारे घटक इतके आहेत की झपाट्यानं थंड केलं की बीटा बहुतांशी तशीच राहते. या जातीच्या धातूंची झपाट्यानं थंड केलेली अवस्था मऊ असते. पंधरा टक्के व्हॅनेडियमवाल्या भावंडाची तर त्या अवस्थेत थंडच पत्र्याची लाटणी होते, वाकवणी होते. मग एजिंग केलं की आत सुईसारखा बारीक अल्फा उगवतो आणि ताकद 1100, 1200 मेगापास्कलच्या घरात जाते. पाणी देऊन मऊ होणारा हा धातू साहेबांच्या सिद्धांतात कुठं बसवायचा, ते त्यांनी सांगावं.

माझा खरा राग मात्र ‘सगळं सारखंच’ या वृत्तीतल्या एका धोक्यावर आहे, कारण तो वर्कशॉपातल्या सवयीतून येतो. पोलादाचा जॉब भट्टीत जास्त तापला, कण जाड झाले, तर आपण काय करतो? पुन्हा तापवतो, नॉर्मलाइज करतो. पोलादाची मांडणी गरम होताना एकदा बदलते, थंड होताना पुन्हा बदलते, आणि प्रत्येक वेळी नवे, बारीक कण जन्माला येतात. चूक धुऊन निघते. टायटॅनियममध्ये ही सोय नाही. बीटा तापमानाच्या वर गेलं की कणांना अडवणारा अल्फा संपतो आणि बीटाचे कण भराभर वाढतात. थंड झाल्यावर त्या जाड कणांच्या आत अल्फाच्या पट्ट्या ठरावीक दिशांनी उभ्या राहतात. पुन्हा तापवा, पुन्हा थंड करा, पट्ट्यांची जाडी बदलेल, पण जुन्या जाड कणाचा सांगाडा तसाच. तो मोडायचा असेल तर धातू पुन्हा घडवावा लागतो, घण किंवा प्रेसखाली. तयार जॉब घडवता येत नाही. तो भंगारात जातो.

आणि चूक व्हायला वाव किती? ग्रेड 5 चं एजिंगच्या आधीचं तापमान 955, बीटाची वेस 995 च्या आसपास. मध्ये चाळीस अंश. त्यातही प्रत्येक हीटमध्ये, म्हणजे एका वेळी वितळवलेल्या मालात, घटकांचं प्रमाण किंचित वेगळं असल्यानं ती वेस दहा-पंधरा अंश खालीवर होते. भट्टीच्या एका कोपऱ्यात आणि मध्यभागी तापमान सारखं असेलच असं नाही. लाल आणि नारिंगी यांतला फरक पाहून चाळीस अंश ओळखणारा डोळा मी तरी पाहिलेला नाही. कोयत्याच्या पोलादाला एवढी अडचण येत नाही, तिथं खिडकी रुंद आहे. घिसाड्याचा डोळा त्या खिडकीसाठी घडला आहे आणि तिथं तो अचूक आहे. त्याच डोळ्याला दुसऱ्या खिडकीसमोर बसवणं हा त्या कारागिराचाच अपमान आहे.

जाड जॉबची गोष्ट तर विसरूच नका. टायटॅनियम उष्णता फार हळू वाहून नेतं; ग्रेड 5 ची उष्णतावाहकता साध्या पोलादाच्या सातव्या-आठव्या हिश्शाएवढी. बाहेरचा थर पाण्यात लगेच थंड होतो, मधला भाग सावकाश. म्हणून पाणी आणि एजिंगचा पूर्ण फायदा इंचभर जाडीपर्यंतच. त्याच्यापुढं गाभ्याला कागदावरची ताकद मिळत नाही, आणि वरून कडकपणा मोजणाऱ्याला ते कळतही नाही.

शिवाय भट्टीतली हवा. तापलेलं टायटॅनियम प्राणवायू, नत्रवायू आणि हायड्रोजन हावरटासारखे ओढून घेतं. प्राणवायूनं पृष्ठभागावर ठिसूळ थर चढतो, त्याला कारखान्यात अल्फा केस म्हणतात. तो आम्लानं किंवा कटिंग करून काढलाच पाहिजे, नाहीतर तडा तिथूनच सुरू होतो. हायड्रोजन आत शिरतो आणि धातू ठिसूळ करतो. म्हणून ही कामं निर्वात भट्टीत किंवा आर्गॉन वायूत करतात. गॅसच्याच भट्टीत करायची वेळ आली तर ज्वाला मुद्दाम थोड्या जास्त हवेची ठेवतात, कारण प्राणवायूचा थर वरून खरवडता येतो, हायड्रोजन खरवडता येत नाही. जॉब भट्टीत ठेवण्याआधी तो तेलकट नको, घामाचे ठसे नकोत, कारण मिठाचा अंश तापल्यावर धातूला चिरा पाडू शकतो. कोळशाची भट्टी आणि हात पुसायचं फडकं घेऊन या कामाला बसलेला माणूस ताकद वाढवत नसतो. तो नासधूस करत असतो, फक्त ती दिसत नसते.

आता दुसरं मत: नावातच ताकद. 2023 साली महागड्या मोबाइलच्या चौकटीवर ‘ग्रेड 5 टायटॅनियम’ हे शब्द झळकले, तेव्हापासून तर हे मत गावोगाव पोचलं. पण टायटॅनियम हे एकाच ताकदीच्या वस्तूचं नाव नाही. मिश्रधातू सोडा, नुसतं शुद्ध म्हणून विकलं जाणारं टायटॅनियमसुद्धा चार ग्रेडमध्ये येतं. ग्रेड 1 ची किमान ताण-ताकद 240 मेगापास्कल, ग्रेड 4 ची 550. दोन्ही ‘शुद्ध’. फरक मुख्यत्वे प्राणवायूचा: पहिल्यात जास्तीत जास्त 0.18 टक्के, चौथ्यात 0.40. साध्या बांधकामाच्या लोखंडापेक्षाही ग्रेड 1 कमी ताकदीचं असतं. साहेबांना विचारायचं आहे, यातलं कोणतं टायटॅनियम वापरलं की काळजी मिटते?

एकदा त्यांनी असंही सुचवलं होतं की मिलच्या रोलरचे शाफ्ट टायटॅनियमचे केले तर पुन्हा मोडणारच नाहीत. उसाची मोळी रोलरमध्ये जाते तेव्हा शाफ्टवर येणारा भार त्यांनी माझ्यापेक्षा जास्त जवळून पाहिला आहे, म्हणून आश्चर्य वाटतं. टायटॅनियमचा ताठपणा पोलादाच्या निम्म्याच्या जरा वर असतो: पोलाद 200 गिगापास्कल, ग्रेड 5 सुमारे 114. त्याच मापाचा शाफ्ट त्याच भाराला जवळजवळ दीडपट ते पावणेदोनपट वाकेल. हा ताठपणा उष्णोपचारानं या धातूत काही बदलत नाही; तापवून ताकद वाढेल, वाक तेवढाच राहील. शिवाय बेअरिंगमध्ये टायटॅनियम घासलं गेलं की चिकटतं, ओरबाडतं. शाफ्टला घडीव पोलाद वापरतात ते गरिबीमुळं नव्हे. हाच कमी ताठपणा हाडाच्या पट्टीत मात्र गुण ठरतो, कारण हाड स्वतः 15 ते 20 गिगापास्कलचंच असतं. फार ताठ पट्टी सगळा भार स्वतःवर घेते आणि खालचं हाड रिकामं बसून कमकुवत होतं.

या दोन मतांच्या मागे तिसरं एक न बोललेलं मत दडलेलं आहे: ताकद जितकी जास्त तितकं चांगलं. याचं उत्तर विमानांच्या इंजिनांनी फार महागात शिकवलं आहे. ग्रेड 5 ला बीटाच्या वर तापवून थंड केलं तर आत लांब पट्ट्यांची रचना होते. खाली ठेवून घडवलं तर गोलसर कणांची. गोलसर कणांची रचना ताणाला थोडी सरस, वारंवार येणाऱ्या भाराला तडा सुरू होऊ न देण्यात बरीच सरस. पट्ट्यांची रचना ताणात थोडी कमी, पण तडा एकदा सुरू झाला की त्याला वळणं घ्यायला लावून रोखण्यात ती सरस. फुटण्याला विरोध करण्याचं माप तिच्यात जवळजवळ दुपटीपर्यंत जातं. एकाच रासायनिक सर्टिफिकेटचे दोन तुकडे, दोन वेगळी आयुष्यं. कोणती रचना हवी हे जॉब काय काम करणार यावर ठरतं. ‘जास्त कडक’ या एका आकड्यावर नाही.

1970 च्या दशकाच्या सुरुवातीला रोल्स-रॉइसच्या आरबी 211 इंजिनाच्या पंख्याच्या तबकड्या फुटल्या. धातू होता आयएमआय 685, बीटामध्ये उष्णोपचार केलेला, कारण गरम तापमानाला तो हळूहळू लांबत नाही. पण त्या उपचारानं आत एकाच दिशेच्या पट्ट्यांच्या मोठ्या वसाहती झाल्या होत्या. भार नुसता येऊन-जाऊन राहिला असता तर निभावलं असतं. तो शिखरावर काही काळ थांबत होता, आणि त्या थांबण्यानं तडे वेळेच्या फार आधी आले. तोवर कुणाच्या ध्यानात न आलेला हा प्रकार. पुढं तो नीट अभ्यासला गेला, आणि तरीही 30 सप्टेंबर 2017 रोजी पॅरिसहून लॉस एंजेलिसला निघालेल्या एअर फ्रान्सच्या ए380 विमानाचं उजवीकडचं बाहेरचं इंजिन ग्रीनलँडच्या वर फुटलं. पंख्याचा हब निखळला. विमान कॅनडातल्या गूस बेला सुखरूप उतरलं. हबचा तुकडा बर्फातून शोधून काढायला 2019 उजाडलं. फ्रान्सच्या तपास यंत्रणेनं निष्कर्ष काढला तो असा: ग्रेड 5 च्याच धातूत, पृष्ठभागाखाली, एकाच दिशेनं तोंड केलेल्या अल्फा कणांचा एक मोठा पुंजका होता आणि तडा तिथून सुरू झाला.

घटक बरोबर होते. ढोकीपासून जवळच तेरला गोरोबाकाकांनी थापटणं घेऊन संतांची डोकी तपासली आणि नामदेवांचं मडकं कच्चं निघालं, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. त्या हबवर कुणी थापटणं मारलं असतं तर आवाज पक्क्या मडक्याचाच आला असता. नेहमीच्या अल्ट्रासॉनिक तपासणीलाही असा पुंजका दिसत नाही, कारण तिथं भेग नसते, पोकळी नसते, परका पदार्थ नसतो. असते ती फक्त कणांची दिशा, आणि ती ठरते इंगट, म्हणजे ओतलेला मूळ ठोकळा, किती तापमानाला, किती घडवलं, कसं थंड केलं यावर. नावातच ताकद म्हणणाऱ्यांनी या एका हबचं उत्तर द्यावं.

साहेबांचा सर्वांत चांगला मुद्दा मी मुद्दाम शेवटाकडे ठेवला आहे. ते म्हणतात, जगातलं बहुतेक टायटॅनियम मऊ अवस्थेतच वापरतात, पाणी-एजिंग क्वचितच. मग उष्णोपचाराचा एवढा बाऊ कशाला? पहिला भाग खरा आहे. ग्रेड 5 चा मोठा वाटा ॲनील करूनच विकला जातो. पण ॲनीलिंग हा उष्णोपचारच आहे. 700 ते 785 अंशांच्या दरम्यान धरून सावकाश थंड केलेला धातू, बीटाच्या वर नेऊन ॲनील केलेला धातू, आणि घडवताना राहिलेले ताण काढण्यासाठी 500-600 अंशांवर धरलेला धातू, या तीन वेगळ्या वस्तू आहेत. त्यातली एक निवडली म्हणजे काही केलं नाही असं होत नाही. थ्रीडी प्रिंटिंगनं तर हा वाद आणखी स्पष्ट केला आहे. लेझरनं थर चढवून बनवलेला ग्रेड 5 चा जॉब इतक्या झपाट्यानं थंड होतो की तो आपोआप मार्टेन्साइटच होऊन बाहेर पडतो. ताकद भरपूर, पण ताणल्यावर लांबायची तयारी कमी. त्याला 800 अंशांवर तापवून थोडं उतरवावं लागतं, तेव्हा तो माणसाच्या जबड्यात किंवा कंबरेत बसवायच्या लायकीचा होतो. तिथं भट्टी ताकद कमी करण्यासाठी पेटते.

उलट बाजूनं अतिशयोक्ती मीही करणार नाही. भट्टी सगळं दुरुस्त करत नाही. 19 जुलै 1989 रोजी अमेरिकेत सू सिटीच्या धावपट्टीवर डीसी-10 कोसळलं, शंभराहून जास्त माणसं गेली. पंख्याच्या तबकडीत धातू वितळवतानाच नत्रवायूनं कडक झालेला एक ठिपका राहिला होता. त्याला कोणताही उष्णोपचार काढू शकला नसता. पण याचा अर्थ वितळवणं महत्त्वाचं आणि तापवणं फालतू असा होत नाही. साखळीतली एक कडी तुटली म्हणून बाकीच्या कड्या वाया गेल्या असं फक्त वादासाठी वाद घालणारा म्हणतो.

‘पुस्तकवाल्यांनी वाढवलेलं’ हा टोमणाही सोडून देण्यासारखा नाही, कारण त्यातलं मोठं पुस्तक आपल्याच राज्यात लिहिलं गेलं. मुंबईत ट्रॉम्ब्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या श्रीकुमार बॅनर्जी आणि पी. मुखोपाध्याय यांनी टायटॅनियम आणि झिर्कोनियमच्या मिश्रधातूंतल्या रचना-बदलांवर 2007 साली जाडजूड ग्रंथ प्रसिद्ध केला. दोन्ही धातू एकाच घराण्यातले. झिर्कोनियमही सुमारे 863 अंशांवर अल्फातून बीटात जातं, आणि आपल्या अणुभट्ट्यांत इंधनाच्या नळ्या त्याच्याच. त्या ग्रंथाचा एक मोठा भाग ओमेगा नावाच्या रचनेवर आहे. बीटा-बहुल धातूचं एजिंग 500 अंशांऐवजी 300-400 वर रेंगाळलं की आत ओमेगाचे अतिसूक्ष्म ठिपके उगवतात; कडकपणा वाढतो आणि धातू काचेसारखा तुटायला लागतो. कडकपणाच्या यंत्रावर तो जॉब झकास पास होईल. बॅनर्जी पुढं अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष झाले. असा माणूस ज्या प्रश्नावर वर्षानुवर्षं घासतो तो प्रश्न पोट भरण्यासाठी वाढवलेला असतो, असं म्हणायला धाडस लागतं.

साहेबांच्या पोरांना मी एवढंच सांगतो: मुलाखतीत ग्रेड 5 म्हणजे काय विचारलं तर घटकांचे टक्के सांगून थांबू नका. कोणत्या अवस्थेतला, ते विचारा. भट्टीचा चार्ट मागा, भट्टीतून पाण्यापर्यंत किती सेकंद गेले ते विचारा, जॉबची जाडी विचारा, सूक्ष्मदर्शकाखालचा फोटो मागा. आणि कंपनीतली माणसं या प्रश्नांवर चिडली तर ती कंपनी कशी आहे हे तुम्हाला कळलं.

आणि साहेबांना वाद मिटवायचाच असेल तर त्याला सोपा मार्ग आहे. ग्रेड 5 च्या एकाच रॉडचे, एकाच हीटचे दोन तुकडे घ्या. एक 950 अंशांवर तासभर, दुसरा 1050 अंशांवर तासभर, दोन्ही आर्गॉनमध्ये, दोन्ही हवेतच थंड करा. पाण्याचा थेंब नको. मग ते पुण्यातल्या एखाद्या धातुपरीक्षण प्रयोगशाळेत पाठवा. पॉलिश आणि एचिंग तिथंच करू द्या, कारण त्यासाठी लागणारं हायड्रोफ्लोरिक आम्ल कातडीतून हाडापर्यंत पोचतं. दोन्हींचं रासायनिक सर्टिफिकेट आकड्यांपुरतं एकच येईल. पहिल्या तुकड्यातले कण पाहायला सूक्ष्मदर्शक लागेल. दुसऱ्यातले जुने बीटा कण चष्मा लावूनच दिसतील.